सीवली

महाजनक जातकातील (क्र. ५३९) मिथिलेची राजकन्या व पुढे महाजनकाची राणी. जातकाच्या समारोपानुसार तीच पुढील जन्मी राहुलमाता यशोधरा झाली.

सुवर्णभूमीकडे निघालेल्या महाजनकाचे जहाज बुडते. सात दिवस पोहणाऱ्या त्या राजपुत्राला मणिमेखला देवी वाचवते. मिथिलेत सीवलीच्या वरासाठी पित्याने कसोट्या ठेवलेल्या असतात. चौकोनी पलंगाची उशाकडील बाजू ओळखणे ही त्यांतली एक. महाजनक केसांतली सोन्याची सुई सीवलीच्या हाती देऊन जागेवर ठेवायला सांगतो. ती सुई जिथे ठेवते, तीच उशाची बाजू!

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठ्याच्या पहिल्या लेणीत, डाव्या भिंतीवर ही कथा रंगवली आहे (इ. स. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध). विरक्त होऊ लागलेल्या राजाजवळ बसलेली राणी, समोर नर्तकी आणि तिच्या साथीला बासरी वाजवणाऱ्या स्त्रिया, हा प्रसंग अजिंठ्याच्या चित्रकलेतील अतिशय हृद्य प्रसंगांपैकी होय.