मेंदूतील गाठ पुन्हा का उगवते?

हराळीचे रान तुम्ही कधीतरी नांगरलेच असेल. वरचे गवत निघते, रान काळेभोर दिसते. पण चार काशा मातीत राहिल्या, की पाऊस पडताच हराळी पुन्हा डोके वर काढते. मेंदूत होणाऱ्या ग्लायोब्लास्टोमा नावाच्या कर्करोगाने डॉक्टरांना असेच जेरीस आणले आहे.

अमेरिकेतील वॉल्टर डँडी हा मोठा धाडसी शस्त्रवैद्य. गाठ कापली तरी परत येते, म्हणून त्याने काही रोग्यांच्या मोठ्या मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून टाकला. ही हकिकत त्याने १९२८ साली प्रसिद्ध केली. त्या रोग्यांचे डावे अंग आधीच लुळे पडले होते, म्हणून हे साहस! तरीही रोग हटला नाही.

याचा उलगडा व्हायला पाऊण शतक लागले. कॅनडातील टोरोंटो येथे जॉन डिक यांच्या चमूने १९९४ साली रक्ताच्या कर्करोगात दाखवले, की रोग नव्याने पेरण्याची ताकद फार थोड्या पेशींत असते. त्याच शहरात शीला सिंग आणि पीटर डर्क्स यांनी मेंदूच्या गाठी घेतल्या. काही पेशींच्या अंगावर ‘सीडी १३३’ नावाच्या प्रथिनाची खूण होती. अशा अवघ्या १०० पेशी उंदराच्या मेंदूत घातल्या, तर गाठ धरली. खूण नसलेल्या १ लाख पेशी घातल्या, तरी धरली नाही. हे २००४ साल. दोनच वर्षांनी कळले, की क्ष-किरणांचा मार बसला तरी या पेशी आपली मोडतोड चटकन दुरुस्त करतात.

मग या काशा तेवढ्या वेचल्या की झाले, असे तुम्ही म्हणाल. पण पुढे काही प्रयोगांत खूण नसलेल्या पेशींनीही गाठ धरली! बोस्टनच्या संशोधकांनी २०१४ साली त्याचे एक कारण दाखवले. पेशीत कोणते जनुक चालू व कोणते बंद ठेवायचे, हे काही प्रथिने ठरवतात. मेंदूच्या घडणीच्या काळात काम करणारी अशी चार प्रथिने गाठीतल्या सामान्य पेशींत चालू केली, तर त्याच बीजपेशी बनल्या. इथे आपली हराळीची उपमा थोडी थिटी पडते. कारण इथे पात्याचीच काशी होते. शिक्षकांनी मुलांना हे जरूर सांगावे.

इटलीतील संशोधकांनी २००६ साली वेगळीच वाट धरली होती. बीजपेशी मारायच्या नाहीत, तर ‘बीएमपी ४’ हे प्रथिन देऊन त्यांना प्रौढ करायचे, म्हणजे त्यांचे बीजपण जाते. उंदरांत त्याचा गुण आला. माणसांत मात्र आजही शस्त्रक्रिया, किरण आणि औषध हेच मुख्य उपाय आहेत. २००५ सालच्या मोठ्या चाचणीत हे तिन्ही उपाय होऊनही निम्मे रोगी सुमारे पंधरा महिन्यांपलीकडे जगले नाहीत.