पाहुण्यांचें बेट : मायोर्का

प्रवासाला निघणाऱ्या मनुष्याला चार प्रश्न हमखास पडतात : केव्हां जावें, कसें जावें, कोठें उतरावें आणि काय खावें? स्पेनच्या पूर्व किनाऱ्यासमोर भूमध्य समुद्रांत असलेल्या मायोर्का बेटाचा गेल्या दोन शतकांचा इतिहास म्हणजे ह्या चार प्रश्नांना त्या बेटानें वेळोवेळीं दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय. एके काळीं ह्या प्रश्नांना तेथें धड उत्तरच मिळत नसे. पुढें तें मिळूं लागलें. आणि नंतर तर तें इतकें सुलभ झालें, कीं आतां प्रश्न विचारण्याची पाळी बेटावरच आली आहे. चार दिवसांच्या सुट्टीसाठीं तेथें जाऊं इच्छिणाऱ्यानेंही हा इतिहास थोडासा समजून घेणें उपयोगाचें आहे. कारण तेथील प्रवासाविषयींच्या बहुतेक व्यावहारिक सूचना त्यांतूनच निघालेल्या आहेत.

बालेआरिक द्वीपसमूहांतील हें सर्वांत मोठें बेट. क्षेत्रफळ सुमारें ३,६०० चौरस किलोमीटर. वायव्येस त्रामुन्ताना नांवाची डोंगरांची भिंत, तिचें सर्वोच्च शिखर १,४०० मीटरांहून उंच. मध्यभागीं शेतीचें मैदान. आणि नैर्ऋत्येस रुंद उपसागराच्या कांठीं राजधानी पाल्मा. अशा जागेचा मोह कोणाला पडणार नाहीं? इ. स. पूर्वीं १२३ सालीं मेतेल्लुस हा रोमन सेनापति आला. येथील गोफणदार त्या काळीं सर्व भूमध्य प्रदेशांत नांवाजलेले होते. परंतु रोमच्या शिस्तीपुढें त्यांची गोफण टिकली नाहीं. इ. स. ९०२ च्या सुमारास मुसलमानी सत्ता आली. तिनें पाण्याचे पाट आणि उतारावरील पायऱ्यांची शेती ह्यांना वळण लावलें. बिनिसालेम, आल्कुदिया ह्यांसारखीं ग्रामनामें आजही अरबी भाषेची साक्ष देतात. १२२९ सालच्या सप्टेंबरांत आरागॉनचा राजा जाउमे सान्ता पोन्साच्या किनाऱ्यावर उतरला आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशीं त्यानें पाल्मा शहर घेतलें.

हे सारे बिनबोलावलेले पाहुणे. त्यांच्यामागून समुद्री चांचे आले. त्यामुळें समुद्रावाटे येणारा मनुष्य म्हणजे संकट, ही समजूत बेटवासीयांच्या हाडींमासीं खिळली. सोयेर, पोयेन्सा, आन्द्राच हीं गांवें पाहिलीं, कीं तिचा पुरावा मिळतो. ह्या प्रत्येक गांवाला बंदर आहे. पण गांव बंदरावर नाहीं, तें कांहीं मैल आंत वसलेलें आहे. किनाऱ्याच्या कड्यांवर टेहळणीचे बुरूज उभे आहेत. १५६१ सालच्या मे महिन्यांत सोयेरवर चालून आलेल्या चांच्यांना गांवकऱ्यांनीं परतवून लावलें. त्या दिवसाचा उत्सव तेथें आजही मे महिन्यांत होतो, आणि किनाऱ्यावर लुटुपुटीची लढाई खेळली जाते.

अशा बेटावर १८३८ सालच्या नोव्हेंबरांत दोन वेगळ्याच तऱ्हेचे पाहुणे येऊन दाखल झाले. एक पोलंडचा संगीतकार शोपाँ, आणि दुसरी जॉर्ज सँड ह्या टोपणनांवानें लिहिणारी फ्रेंच लेखिका. सँडचीं दोन मुलें बरोबर होतीं. बार्सेलोना आणि पाल्मा ह्यांमध्यें आगबोटीची नियमित फेरी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालें होतें. ही बोट मुख्यतः डुकरांच्या व्यापारासाठीं चाले. मनुष्य हा तिला जोडमाल होता. पाल्म्यांत उतरण्याजोगें हॉटेल नव्हतें. शोपाँचा खोकला वाढला, तेव्हां त्याला क्षय आहे अशी बोलवा झाली. स्पेनमध्यें तो रोग सांसर्गिक मानीत. घरमालकानें त्यांना घर सोडावयास लावलें आणि बिछाने व चुना ह्यांचा खर्चही मागितला. शेवटीं डोंगरांतील वाल्देमोसा गांवच्या मठांत त्यांना जागा मिळाली. तीही अशामुळें, कीं १८३५ सालीं सरकारनें मठ खालसा केल्यावर तेथील संन्याशांच्या खोल्या भाड्यानें मिळूं लागल्या होत्या. पॅरिसहून मागविलेला पियानो जकातीच्या कचेरींत अडकून पडला आणि मुक्काम संपत आला तेव्हां हातीं लागला. तरीही त्या थंड, ओलसर खोलींत शोपाँनें आपल्या प्रिल्यूडांचा संग्रह पुरा केला. १८३९ सालच्या फेब्रुवारींत तीं सर्व परत निघालीं, तेव्हां सोबतीला बोटीवर डुकरें होतींच.

सँडनें ह्या हिवाळ्यावर पुस्तक लिहिलें. त्यांत बेटाच्या सौंदर्याची स्तुति आहे, आणि बेटवासीयांविषयीं अत्यंत कडू शब्द आहेत. दोष कोणा एकाचा नव्हता. लग्नावांचून एकत्र राहणारीं आणि देवळाची पायरी न चढणारीं माणसें त्या गांवानें पूर्वीं पाहिलीं नव्हतीं; आणि परक्यानें आपल्या सोयीची अपेक्षा करावी, ही कल्पनाही तेथें नवीन होती. गंमत अशी, कीं ज्या मठांत त्यांना एकटें टाकलें गेलें, तोच मठ पाहण्यासाठीं आज लोक पैसे मोजून येतात.

ह्यापुढील पाहुणा निराळ्या मनोवृत्तीचा होता. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यांतील लुडविग साल्वाटोर १८६७ सालीं प्रथम आला, आणि १८७२ पासून वाल्देमोसा व देया ह्यांमधील कड्यांवर जमिनी घेऊन राहिला. तो बेटाची भाषा शिकला. आपल्या जमिनींतील झाडें तोडूं देत नसे. समुद्र दिसेल अशा जागा हेरून त्यानें पायवाटा आणि सज्जे बांधले. बालेआरिक बेटांवर त्यानें अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. १८६९ ते १८९१ इतकीं वर्षें तें काम चाललें होतें. वाटसरूला तीन दिवस फुकट उतरतां यावें म्हणून त्यानें एक धर्मशाळाही उघडली. बेटावर प्रेम करावें पण तें बदलूं नये, हा त्याचा धडा होता.

परंतु केवळ धर्मशाळेवर कोणतेंही बेट जगत नाहीं. १९०३ सालीं बार्तोमेउ आमेन्गुआल ह्यानें परक्या प्रवाशांचा धंदा ह्या विषयावर पुस्तक लिहून, प्रवासी हें उत्पन्नाचें साधन आहे, असा विचार मांडला. त्याच वर्षीं पाल्म्यांत ग्रँड हॉटेल उघडलें. १९०५ सालीं प्रवासाच्या उत्तेजनासाठीं एक मंडळ स्थापन झालें. १९१२ सालीं डोंगर पोखरून पाल्मा ते सोयेर ही रेल्वे सुरू झाली. सत्तावीस किलोमीटरांच्या मार्गावर तेरा बोगदे आहेत. सोयेरच्या संत्र्यांच्या व्यापारानें तिला भांडवल मिळवून दिलें, आणि प्रवाशांनीं पुढें तिला जगविलें. लांकडी डब्यांची ती गाडी अजून धांवते. १९२९ सालीं इंग्रज कवि रॉबर्ट ग्रेव्ह्ज देया गांवीं राहावयास आला आणि त्याच वर्षीं फोर्मेन्तोर येथें मोठें हॉटेल उघडलें. असा जम बसत असतांनाच १९३६ सालीं स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटलें. परदेशी लोक निघून गेले. बेटावर फ्रांकोच्या पक्षाचा अंमल बसला आणि विरोधकांचें रक्त सांडलें. दशकभर पाहुणे जवळजवळ नाहींसेच झाले.

नंतरची गोष्ट वेगळ्या मापाची आहे. १९६० सालीं सोन सान्त जोआन हा विमानतळ नागरी वाहतुकीस खुला झाला आणि दोन वर्षांतच उतारूंची वार्षिक संख्या दहा लाखांवर गेली. विमान, खोली आणि जेवण ह्यांची एकत्र किंमत भरून इंग्लंड-जर्मनींतील कामगार कुटुंबें सूर्यप्रकाशाच्या शोधांत येऊं लागलीं. शेत सोडून तरुण मंडळी हॉटेलांत कामाला लागली. पूर्वीं वाटणी करतांना कसदार जमीन वडील मुलाला आणि किनाऱ्याची रेताड जमीन धाकट्यांना देत, असें सांगतात; त्या रेतीलाच आतां सोन्याचा भाव आला. गरिबीमुळें परदेशीं जाणाऱ्या लोकांचें बेट परदेशच्या लोकांनीं भरून गेलें. हा लाभ खोटा नव्हता. त्यानें शाळा, दवाखाने आणि पोटभर अन्न आणलें.

पण लाभाची किंमत हळुहळू दिसूं लागली. १९७७ सालीं द्रागोनेरा ह्या लहानशा बेटावर वसाहत उभारण्याचा बेत ठरला, तेव्हां तरुणांनीं तेथें ठाण मांडून तो अडविला. तें बेट आज संरक्षित आहे. १९९५ ते १९९७ ह्या काळांत पाल्म्याला पाणी पुरेना, म्हणून तें मुख्य भूमीवरून जहाजानें आणावें लागलें. २०२३ सालीं पाल्म्याच्या विमानतळावरून तीन कोटींहून अधिक उतारूंनीं ये-जा केली. बेटाची वस्ती मात्र नऊ लाखांहून थोडी अधिक. घरें प्रवाशांना भाड्यानें देणें फायद्याचें ठरल्यामुळें शिक्षक, परिचारिका आणि हॉटेलचे नोकर ह्यांनाच राहावयास जागा मिळेनाशी झाली. २०२४ च्या उन्हाळ्यांत हजारों रहिवासी पाल्म्याच्या रस्त्यांवर उतरले. त्यांची तक्रार पाहुण्याविरुद्ध नव्हती. यजमानालाच घर उरूं नये, ह्याविरुद्ध ती होती.

ही पार्श्वभूमि ध्यानांत घेतली, म्हणजे पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें सरळ होतात. केव्हां जावें? जुलै-ऑगस्ट टाळावे. त्या दिवसांत ऊन कडक, गर्दी अफाट आणि पाण्यावर ताण असतो. एप्रिल ते जून आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. ऑक्टोबरांतही समुद्र पोहण्याइतका उबदार असतो, फक्त त्या सुमारास पावसाची सर येते. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत बदामाचीं झाडें पांढऱ्या-गुलाबी फुलांनीं डवरतात. त्या वेळीं डोंगर पाहण्यासारखा असतो.

कसें जावें? भारतीय पासपोर्टावर जाणाऱ्यास शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहतां येतें. बार्सेलोनाहून विमानानें तासाभराच्या आंत, अथवा बोटीनें रात्रभरांत पाल्म्यास पोहोंचतां येतें. पाल्म्याहून गांवोगांवीं सार्वजनिक बसगाड्या जातात; डोंगरांतील अरुंद रस्त्यांवर स्वतः मोटार हांकण्यापेक्षां त्या बऱ्या. कोठें उतरावें? हॉटेल असो वा घर, तें परवानाधारक असल्याची खात्री करून घ्यावी. २०१८ पासून पाल्मा शहरांत सदनिका प्रवाशांना भाड्यानें देण्यास बंदी आहे. २०१६ पासून दर रात्रीमागें एक लहानसा कर द्यावा लागतो. तो बेटाच्या रक्षणासाठीं आहे असें समजून आनंदानें द्यावा. पोहतांना किनाऱ्यावरील निशाण पाहावें : हिरवें असल्यास हरकत नाहीं, पिवळें असल्यास जपून, तांबडें असल्यास पाण्यांत पाऊल घालूं नये.

काय खावें? भाकरीसारख्या जाड पावावर टोमॅटो चोळून, ऑलिव्हचें तेल घालून खातात, तो पा आम्ब ओली. वांगीं, बटाटे आणि मिरच्या ह्यांचें तुम्बेत. हे पदार्थ शाकाहारी मनुष्यास चालण्यासारखे आहेत. मात्र एन्साइमादा ही गोड, वेटोळ्याची भाकर दिसावयास निरुपद्रवी असली, तरी तिच्यांत डुकराची चरबी असते. तिचें नांवच त्या चरबीवरून पडलें आहे. दुपारीं दुकानें बंद असतात आणि रात्रीचें जेवण नऊच्या आधीं क्वचितच होतें. स्पॅनिश आणि कातालान ह्या दोन्ही भाषा तेथें राजमान्य आहेत. परंतु कातालानमध्यें ‘बोन दिया’ म्हणून कोणी नमस्कार केला, तर गांवच्या म्हाताऱ्याचा चेहरा खुलतो.

अतिथि म्हणजे ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो, अशी आपल्याकडे त्या शब्दाची फोड करतात. मायोर्काला आज येणारा पाहुणा तिथि ठरवून, तिकीट काढून येतो. पण पाहुणेपण तिकिटाबरोबर विकत मिळत नाहीं. चांच्याला बेटानें बुरूज दाखविला, आजारी संगीतकाराला दार बंद केलें आणि झाडें राखणाऱ्या राजपुत्राला आपलेंसें म्हटलें. त्या दारापाशीं आपण कोणासारखे जाणार, हें प्रत्येक प्रवाशानें सामान बांधतांनाच ठरवावें.