एकवीस दिवसांचं कॅलेंडर

२०१४ साली हिची केमोथेरपी सुरू झाली, तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर एकवीस दिवसांनी एक लाल गोल पडू लागला. चार गोल निभावले. पाचव्या वेळी रिक्षा म्हात्रे पुलावर आली आणि हिला उमासे येऊ लागले. औषधाचा थेंबही अजून अंगात गेला नव्हता! "अगं, मनाचे खेळ आहेत," असं मी बोलून गेलो. ही काही बोलली नाही, नदीकडे बघत बसली.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की हे खरंखुरं असतं. वास, रस्ता, नर्सचा पोषाख यांची आणि उलटीची शरीर गाठ बांधून टाकतं. बी.एड.ला पावलॉवचा कुत्रा मी घोकून पाठ केला होता, आणि तो इथे ओळखता आला नाही. (कुत्र्याचं उदाहरण हिला अर्थातच सांगितलं नाही.)

मग उत्सुकतेपोटी वाचत गेलो. केमोथेरपीचा जन्म युद्धातल्या मस्टर्ड गॅसच्या अभ्यासातून, १९४०च्या दशकातला. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१चं. पण पेशंटच्या मनाकडे बघायला फार उशीर झाला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंगमध्ये डॉ. जिमी हॉलंड यांनी त्यासाठी खास विभाग सुरू केला तो १९७७ साली. अडचण साधी होती. पेशंटला रोगाचं नावच सांगायचं नाही, असा रिवाज. मग भीती बोलायची कुणाशी? आमच्या वाड्यातही 'तो रोग' एवढंच म्हणत. १९७१ साली 'आनंद' बघून रडलो सगळे, पण घरात शब्द उच्चारला नाही कुणी.

पुण्यात हा रिवाज मोडणाऱ्यांत मला डॉ. अनिता (सुनंदा) अवचट मोठ्या वाटतात. येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं. पुढे त्यांना स्तनाचा कॅन्सर झाला. तो त्यांनी लपवला नाही आणि कामही सोडलं नाही. १९९७ साली त्या गेल्या. व्यसन सोडायला धडपडणाऱ्या माणसांसमोर स्वतःचं दुखणं उघडं ठेवणारी डॉक्टर, याचा त्या माणसांवर काय परिणाम झाला असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

त्याच १९९७ साली वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र सुरू झालं. तिथली सेवा मोफत असते. आपल्याकडे गैरसमज असा की तिथे शेवटचे दिवस मोजायला जायचं. खरं तर उपचार चालू असतानाही जाता येतं; वेदना, मळमळ, झोप, घरच्यांची घालमेल, सगळं बघतात. आम्हाला हे कळलं तेव्हा गोल संपत आले होते.

आणि ते 'माइंडफुलनेस'! १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये दुखणेकऱ्यांसाठी वर्ग काढला. गोएंका गुरुजींचं इगतपुरीचं विपश्यना केंद्र १९७६चं. म्हणजे आपलीच वस्तू इंग्रजी नाव लावून परत आली. असो. ध्यानाने गाठ विरघळत नाही, हे मात्र ठणकावून सांगायला हवं, कारण तसं सांगणारे नातेवाईक आमच्याकडेही येऊन गेले. भीती कमी होते, मळमळ थोडी आवरते, झोप लागते. एवढंही पुष्कळ.

हिला एका नर्सबाईंनी श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं. हिचं मन काही तिथे ठरेना. मग हिने क्रोशाची सुई काढली. टाके मोजताना दुसरं काही आठवत नाही म्हणाली. सलाइन एका हाताला, त्यामुळे ते विणकाम सुरू होण्याआधीचं, बाहेरच्या बाकावरचं. तेवढ्यात एक रुमाल झाला.

सहाव्या गोलाच्या दिवशी मी रिक्षावाल्याला म्हटलं, म्हात्रे पूल नको, लकडी पुलावरून घ्या. "लांब पडेल काका," तो म्हणाला. पडू दे म्हटलं. डेक्कनला आल्यावर ही पहिल्यांदाच बोलली, "अहो, रुमाल घरीच राहिला."