शब्दकोशातलं चित्र पुरावा कधी ठरतं?

परतवाड्यात बसून मध्ययुगीन कारागिरीवर काम करायचंय? ‘मिफ्ताह-उल-फुजला’ बघा. मेळघाट आणि नर्मदा ओलांडली की माळव्यातलं मांडू. तिथे १४६८-६९ मध्ये झालेला हा फारसी शब्दकोश. सुमारे १४९० ची सचित्र प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे. ग्रंथाचं नाव रोमन लिपीत अनेक तऱ्हांनी लिहितात, म्हणून शोधताना क्रमांक टाका: ओआर ३२९९. चित्रं शब्दांचे अर्थ दाखवायला काढलेली, त्यामुळे अवजारं, कारागीर भरपूर सापडतात.

पण जपून! शब्द आधीचा, चित्र वीसेक वर्षांनंतरचं. शैलीवर इराणातल्या शिराझची छाप. म्हणजे अवजार चित्रकारानं पाहिलेलं की नुसतं उतरवलेलं, हे आधी तपासा. वऱ्हाडाबद्दल बोलायला तर इथलाच दुसरा पुरावा हवा. तो मिळेपर्यंत प्रबंधात ‘माळवा’च लिहा.