शॉ यांचे मृत्युपत्र आणि इंग्रजीचे स्वर

जॉर्ज बर्नार्ड शॉ १९५० साली निवर्तले. इंग्रजीसाठी किमान चाळीस अक्षरांची नवी लिपी तयार व्हावी, अशी तरतूद त्यांच्या मृत्युपत्रात होती. १९५७ मध्ये न्यायालयाने हा न्यास अवैध ठरविला. पुढे तडजोडीतून ८,३०० पौंड या कामासाठी मिळाले. स्पर्धेत ४६७ आराखडे आले, पारितोषिक चौघांत विभागले गेले आणि त्यांपैकी किंग्जली रीड यांनी लिपीला अंतिम रूप दिले. १९६२ साली पेंग्विनने शॉ यांचे ‘अँड्रॉक्लिस अँड द लायन’ दोन्ही लिप्यांत छापले.

या लिपीचा खरा कस स्वरांत लागतो. प्रमाण ब्रिटिश उच्चारात वीसेक स्वर. रोमन लिपीत त्यांच्यासाठी अक्षरे पाच. रीड यांच्या अठ्ठेचाळीस अक्षरांपैकी निम्मी स्वरांना आणि स्वरप्रधान जोडण्यांना दिलेली आहेत. ‘कप’मधला स्वर, ‘अबाउट’चा पुसट आरंभ आणि ‘बर्ड’मधला दीर्घ स्वर आम्ही मराठी माणसे एकाच ‘अ’वर भागवतो, तेथे त्यांना तीन वेगळी चिन्हे आहेत. इंग्रजी शब्दांसाठी आपण ‘ॲ’ आणि ‘ऑ’ सामावून घेतले खरे, पण खाट आणि पकडलेला चोर या दोघांसाठी आपल्याकडे एकच ‘कॉट’ उरतो.

परंतु उच्चाराबरहुकूम लिहायचे, तर कोणाच्या उच्चाराबरहुकूम? शॉ यांनी पंचम जॉर्ज यांचा उच्चार नमुना म्हणून सांगितला होता. स्वतः डब्लिनचा हा गृहस्थ लंडनच्या राजाकडे बोट दाखवतो, याची आम्हांला गंमत वाटते. त्यातून ‘पिग्मॅलियन’ लिहिणारा! (मराठी वाचकांना ते ‘ती फुलराणी’मुळे परिचित आहे.) फुलवालीचे स्वर म्हणजेच तिची जात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? रीड यांनी मात्र राजाज्ञा तंतोतंत पाळली नाही. ‘फार्म’मधला राजाच्या तोंडी न येणारा ‘र’ त्यांनी लिपीत राखला. स्कॉटिश, आयरिश आणि बहुतेक अमेरिकन तो उच्चारतात.

जुन्या इंग्रजी लेखनाला बेभरवशाचे म्हणून हिणवले जाते. आमच्या मते त्याचा हा बहिरेपणा काहीसा उदारही आहे: ग्लासगोचा आणि लंडनचा वाचक तेच अक्षर आपापल्या स्वरात वाचतात. ‘बोलतो तसे लिहितो’ हा अभिमान मिरवणाऱ्या मराठीत मात्र ‘पाणी’ असे लिहून ठेवले, की ‘पानी’ म्हणणारे मूल वर्गात पहिल्याच दिवशी अशुद्ध ठरते.