इंजिनाच्या पोटात सिमेंट

आज एक विचित्र प्रकार सांगतो. इंजिनात जिथे पाणी फिरायला हवं, तिथे लोकांनी चक्क सिमेंट ओतलं, तेही मुद्दाम.

साल १९५५. अमेरिकेत शेवरोलेने नवं व्ही-८ इंजिन आणलं, तेच ते प्रसिद्ध ‘स्मॉल ब्लॉक’. बिडाचं ओतकाम पातळ, म्हणून वजन कमी. रोजच्या गाडीला झकास. पण ड्रॅग रेसिंगवाली पोरं गप्प बसतात होय! पाव मैल, म्हणजे साधारण ४०२ मीटर, सरळ पळायचं. काही सेकंदांत खेळ खल्लास. त्यासाठी अशा इंजिनांची ताकद त्यांनी दुप्पट, कधी तिप्पट केली. मग सिलिंडरच्या पातळ भिंती वाकायच्या, तडकायच्या. भिंतीमागे आधाराला होतं काय, तर नुसतं पाणी.

इतक्या छोट्या शर्यतीला कूलिंग हवंय कशाला? ती पोकळी भरूनच टाका ना!

पण कशाने? डोकं इथे लागतं. साधं सिमेंट सुकताना आकसतं. केसाएवढी फट पडली तरी आधार गेलाच. इपॉक्सी घट्ट चिकटतं, पण तापलं की बिडापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, वर उष्णता अडवून धरतं. जमलं ते ग्राउट, जड मशीनच्या पायाखाली ओततात तसलं. त्यात लोखंडाचा चुरा असतो. चुरा गंजतो, गंज फुगतो आणि आकसणं भरून निघतं. गंज कामाला आलेला मी तरी इथेच पाहिला! शिवाय सिमेंट आणि लोखंड तापल्यावर जवळपास सारखंच वाढतात. आपल्या आरसीसी स्लॅबमध्ये सळई आणि काँक्रीट एकत्र नांदतात, तेही यामुळेच.

फुकट मात्र काहीच नाही. पूर्ण भरलेला ब्लॉक रस्त्यावर चालवला तर तापून मरतो. म्हणून रस्त्यावरही फिरणाऱ्या गाडीत खालचा भागच भरतात. वर, जिथे जाळ जास्त, तिथे पाणी राहतं. तरी ऑइल जास्त तापतंच. आणि आधी ओतायचं, मग बोअरिंग-होनिंग, कारण भरल्यावर भिंती किंचित हलतात. एकदा घट्ट झालं की ते पुन्हा काढणं जवळपास अशक्य.

आजच्या टॉप फ्युएल गाड्यांत तर भरायला पोकळीच नाही. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, सलग, पाण्याला वाटच ठेवलेली नाही. १००० फूट पळतात, बस्स.