रात्री 11:47, कुनार

31 ऑगस्ट 2025, रविवार. संध्याकाळी 6.
कुनारच्या दऱ्यांत दिवस लवकर मावळतो. अफगाणिस्तानच्या पूर्व कडेचा, पाकिस्तानला खेटून असलेला हा पश्तुभाषक प्रांत. मधून चित्रालकडची कुनार नदी वाहते. बाजूच्या उतारांवर घरांची उतरंड. कितीतरी ठिकाणी खालच्या घराचं छप्पर हेच वरच्याचं अंगण.

रात्री 8.
आदल्या दोन दिवसांच्या पावसाने उतार भिजलेले. इथल्या कोरेंगल दरीत अमेरिकी सैन्य वर्षानुवर्षं लढलं आणि एप्रिल 2010मध्ये निघून गेलं. त्या काळात पेच खोऱ्यातला रस्ता डांबरी झाला. आडबाजूच्या गावांच्या नशिबी पायवाटच राहिली.

रात्री 10.
घरं निजलेली. भिंती दगड-मातीच्या, वर लाकडी तुळया आणि मातीचं छप्पर. मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको: हे माळवदच. गळू नये म्हणून माती घालत जायचं, आणि दर थरागणिक डोक्यावरचं ओझं वाढत जायचं. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3:56 वाजता हेच ओझं झोपलेल्यांवर आलं होतं, गणपती विसर्जनाच्या रात्री. या रविवारी आपल्याकडे गौरी आल्या होत्या.

रात्री 11:47.
जलालाबादच्या ईशान्येला 27 किलोमीटरवर 6.0 तीव्रतेचा भूकंप. खोली जेमतेम 8 किलोमीटर. एवढ्या उथळ धक्क्याचा जोर वाटेत विरत नाही, थेट पायाशी येतो. नुरगल आणि चौकी तालुक्यांतली गावंच्या गावं बसली.

मध्यरात्रीनंतर.
वीसेक मिनिटांत 4.5चा दुसरा धक्का. दरडींनी रस्ते बंद. बाहेरचं जग येईपर्यंत हातांनी, फावड्यांनी उपसायचं.

सोमवार.
हेलिकॉप्टरं जखमींना नेऊ लागली. मदतीला आलेले बहुतेक पुरुष. परक्या बाईला हात लावायचा नाही, म्हणून जखमी बायका खोळंबल्या. डिसेंबर 2024मध्ये तालिबानने मुलींचं वैद्यकीय शिक्षणही बंद केलं होतं. आता बाई डॉक्टर आणायची कुठून? माझ्या लेखी या दुर्घटनेचा एक प्रहर तिथेच सुरू झाला होता.

संध्याकाळपर्यंत मृत 800च्या वर. मंगळवारी 1,411. गुरुवारी, 4 सप्टेंबरला, तालिबानच्या प्रवक्त्याने आकडा सांगितला: 2,205.